यूकेत घरातली खोली भाड्याने देताय? रेंट अ रूमची सूट नीट कशी घ्यायची आणि लोक कुठे गडबड करतात

यूकेत स्वतःचं घर घेतलं की वर्षा दोन वर्षांत हा विषय घरात निघतोच, वरची एक बेडरूम रिकामी पडलीये, मॉर्गेजचा हप्ता वाढलाय, आणि ओळखीतल्या कुणाचा तरी मुलगा नाहीतर मुलगी मास्टर्स करायला येतेय आणि तिला राहायला बरी जागा हवीये, मग देऊया का खोली? द्या की, जरूर द्या. सरकारनेच त्यासाठी चांगली घसघशीत करसवलत ठेवलीये, रेंट अ रूम स्कीम नावाची. मुलीला घरासारखं घर मिळतं, तुम्हाला हप्त्याला हातभार लागतो, दोघांचं भलं.

अडचण कुठे होते तर ही स्कीम बहुतेकांना फक्त ऐकून माहीत असते. ग्रुपवर कोणीतरी टाकतं, "अरे साडेसात हजारापर्यंत भाडं टॅक्स फ्री आहे, टाक बिनधास्त" आणि मग लोक बाय टू लेटच्या, म्हणजे भाड्याने द्यायलाच घेतलेल्या, फ्लॅटलाही तेच लावतात, भारतात परत गेल्यावर इथलं घर दिलेलं असतं त्यालाही तेच लावतात, नवरा बायको दोघं वेगवेगळे साडेसात हजार धरतात. काहींना खरंच माहीत नसतं, काहींना पक्कं माहीत असतं पण कोण बघतंय असं वाटत असतं. दोघांनाही शेवटी व्याजासकट भरावं लागतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी स्कीम काय आहे ते

1992 साली ही सूट सुरू झाली. विचार साधा होता, लोकांच्या घरात रिकाम्या खोल्या पडून आहेत आणि बाहेर लोकांना परवडणारी खोली मिळत नाही, तर घरमालकाला टॅक्सच्या कागदपत्रांची कटकट नको, म्हणजे तो खोली द्यायला तयार होईल. करमाफ भाड्याची वर्षाची मर्यादा बरीच वर्षं 4,250 पौंड होती, एप्रिल 2016 पासून ती 7,500 पौंड झाली. महिन्याला पडतात 625. टॅक्सचं वर्ष 6 एप्रिल ते पुढच्या 5 एप्रिलपर्यंत, आणि खोली त्यात चारच महिने दिली असली तरी मर्यादा पूर्ण 7,500 चीच राहते, ती महिन्यांच्या हिशोबाने कापत नाहीत. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच घाबरतात.

एकूण जमा 7,500 च्या आत असेल तर सूट आपोआप लागू होते, कुठला फॉर्म भरायचा नाही, काही कळवायचं नाही. सेल्फ असेसमेंट रिटर्न, म्हणजे स्वतः भरायचं टॅक्स रिटर्न, तुम्ही दुसऱ्या कारणाने भरतच असाल तर तिथे रेंट अ रूमचा एक रकाना असतो त्यावर टिक करायची, झालं.

अटी मोजक्याच आहेत. जागा फर्निश्ड हवी, म्हणजे पलंग, कपाट वगैरे तुम्ही दिलेलं. ती राहण्यासाठी दिलेली हवी. आणि ते घर तुमचं एकमेव किंवा मुख्य राहतं घर हवं. घर तुमच्या नावावर असलंच पाहिजे असं नाही बरं का, तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल आणि तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पोटभाडेकरू ठेवायला परवानगी असेल तर तुम्हालाही ही सूट मिळते.

या तिन्हीत सगळी मेख आहे ती शेवटच्या अटीत. तुम्ही त्या घरात खरंच राहता का? बाकीचे सगळे घोळ इथूनच निघतात.

राहतं घर म्हणजे नक्की काय

मालकी आहे म्हणून ते मुख्य घर होत नाही, आणि बँकेची पत्रं तिथे येतात म्हणूनही होत नाही. तुमचं कुटुंब कुठे राहतं, मुलं कुठल्या शाळेत जातात, जीपी कुठला, मतदार यादीत नाव कुठे, रात्री झोपायला कुठे जाता, असं सगळं मिळून बघितलं जातं. स्लाऊमध्ये जुना फ्लॅट आहे आणि आता तुम्ही रेडिंगला मोठ्या घरात राहायला गेलात तर स्लाऊचा फ्लॅट त्या दिवसापासून साधी भाड्याची प्रॉपर्टी झाला. तिथली एक खोली स्वतःच्या नावाने कुलूप लावून ठेवली, महिन्यातून एकदा जाऊन टपाल उचललं, तरी ते तुमचं मुख्य घर राहत नाही. असं "खोली राखून ठेवण्याचं" ज्ञान देणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका. त्या फ्लॅटचं भाडं प्रॉपर्टी इन्कम म्हणून दाखवायचं, खर्च वजा करायचे, उरलेल्यावर टॅक्स भरायचा.

भारतात गेलेल्यांचं तर अजूनच स्पष्ट आहे. कंपनीने दोन वर्षांसाठी पुण्याला पाठवलं, घर विकायचं नाही म्हणून भाड्याने दिलं, आणि रिटर्नमध्ये टाकलं रेंट अ रूम. चालत नाही. तुम्ही परदेशात राहत असताना दिलेल्या इथल्या घराला ही सूट नाहीच. त्या परिस्थितीसाठी वेगळी व्यवस्था आहे, नॉन रेसिडेंट लँडलॉर्ड स्कीम. त्यात तुमच्या एजंटने, किंवा एजंट नसेल आणि भाडं आठवड्याला 100 पौंडांच्या वर असेल तर खुद्द भाडेकरूने, बेसिक रेटने टॅक्स कापून एचएमआरसीला, म्हणजे यूकेच्या करखात्याला, भरायचा असतो. तो कापला जाऊ नये असं वाटत असेल तर आधी एचएमआरसीकडे अर्ज करून परवानगी घ्यायची, मग पूर्ण भाडं हातात येतं आणि टॅक्स तुम्ही रिटर्नमधून भरता. निघायच्या गडबडीत हा अर्ज लोक विसरतात, तिकिटं काढली की त्याच आठवड्यात करून टाका.

नवरा बायकोचे साडेसात अधिक साडेसात होत नाहीत

घर दोघांच्या नावावर, भाडं जॉइंट अकाउंटला येतं, आणि दोघंही आपापल्या हिशोबात 7,500 धरतात, म्हणजे 15,000 माफ. हे मी इतक्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलंय की विचारायची सोय नाही. नियम असा की एकाच घरातल्या भाड्याचं उत्पन्न दुसऱ्या कुणालाही मिळत असेल तर प्रत्येकाची मर्यादा निम्मी होते, 3,750. नवरा बायको असोत, भाऊ भाऊ असोत नाहीतर एकत्र घर घेतलेले मित्र असोत. दोघं असाल तर घरामागे 7,500, विषय संपला.

जेवणाचे पैसेही त्यातच

आपल्या लोकांच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात जास्त लागू होतो, त्यामुळे इथे जरा आकडे घालूनच सांगतो. समजा हॅरोमध्ये तुमच्या घरी एक मुलगी राहते. खोलीचे महिना 580 ठरले, आणि रात्रीची पोळी भाजी तुमच्याकडेच, त्याचे वरचे 120. तुम्ही म्हणता भाडं 580 गुणिले 12, म्हणजे 6,960, आपण मर्यादेच्या आत, जेवणाचे काय ते घरगुती. तसं नाहीये. जेवण, कपडे धुणं, साफसफाई, वायफाय, गॅस लाईटचा वाटा, लॉजरकडून, म्हणजे तुमच्याच घरात खोली घेऊन राहणाऱ्याकडून, त्या राहण्यासोबत जे काही घेता ते सगळं एकूण जमेत धरायचं. महिना 700, वर्षाला 8,400. मर्यादेच्या 900 पौंड वर.

म्हणून लोक काय करतात, अ‍ॅग्रीमेंटमध्ये 600 दाखवतात आणि उरलेले कॅश घेतात, किंवा डब्याचे पैसे बायकोच्या खात्यावर वेगळे मागवतात. हे उघड उघड उत्पन्न लपवणं आहे, आणि ते कशासाठी तर बघा. 8,400 आले तर तुमच्यापुढे दोन रस्ते असतात. पहिला, नेहमीचा, जमेतून खरा खर्च वजा करायचा, म्हणजे बिलांचा, इन्शुरन्सचा, तिच्या जेवणाचा प्रमाणात जो काही वाटा येईल तो. समजा तो 3,100 निघाला तर उरले 5,300, त्यावर 20 टक्क्यांनी 1,060 पौंड टॅक्स. दुसरा रस्ता, खर्च एकही वजा करायचा नाही, सरळ 7,500 वजा करायचे. उरले 900. 20 टक्क्यांनी 180 पौंड, तुम्ही 40 टक्क्यांत असाल तर 360. म्हणजे 8,400 पौंड मिळाले आणि सगळं कायदेशीर करून टॅक्स गेला 180. वर्षाचे 180 वाचवायला माणूस कॅश, खोटं अ‍ॅग्रीमेंट आणि त्या मुलीलाही त्यात सामील करून घेणं एवढं सगळं करतो, मला खरंच वाईट वाटतं ऐकून. त्या मुलीला उद्या बँकेत नाहीतर कुठे राहण्याचा पुरावा द्यायचा असेल तर तिच्याकडे खरा कागद नसतो.

फक्त एक लक्षात ठेवा, दुसरा रस्ता आपोआप मिळत नाही. जमा मर्यादेच्या वर गेली की काही न सांगितल्यास एचएमआरसी पहिल्याच पद्धतीने हिशोब धरते, 7,500 वाली पद्धत हवी हे तुम्ही कळवायचं असतं. त्यासाठी टॅक्सचं वर्ष संपल्यापासून जवळपास 22 महिने मिळतात, म्हणजे 2024-25 साठी 31 जानेवारी 2027 पर्यंत. एकदा निवडली की ती पुढच्या वर्षांनाही चालू राहते, तुम्ही बदलेपर्यंत. खर्चच 7,500 च्या वर जात असेल, म्हणजे घरात मोठं पेइंग गेस्टचं काम चालवत असाल, तर पहिली पद्धत बरी पडते. तोटा दाखवायचा असेल तरीही पहिलीच, कारण दुसऱ्या पद्धतीत तोटा निघूच शकत नाही.

आणि दोन्ही हातांनी लाडू नाही. 7,500 पण वजा आणि बिलं पण वजा, हे चालत नाही. प्रॉपर्टीवर वेगळी 1,000 पौंडांची जी सूट असते तीही याच भाड्यावर रेंट अ रूमच्या जोडीला लावता येत नाही.

पहिल्यांदाच मर्यादेच्या वर गेला असाल तर वर्ष संपल्यानंतरच्या 5 ऑक्टोबरच्या आत सेल्फ असेसमेंटला नाव नोंदवा, ऑनलाइन रिटर्न आणि पैसे 31 जानेवारीपर्यंत.

लिमिटेड कंपनीवाल्यांसाठी

आयटी कॉन्ट्रॅक्टर मंडळींमध्ये एक युक्ती फिरत असते. स्वतःची लिमिटेड कंपनी आहे, घरातल्या एका खोलीत बसून काम करता, मग ती खोली कंपनीला ऑफिस म्हणून भाड्याने द्यायची, कंपनीने भाडं खर्चात टाकायचं आणि तुम्ही मिळालेलं भाडं रेंट अ रूममध्ये बसवून माफ करून घ्यायचं. ऐकायला छान वाटतं. पण ही सूट राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे, ऑफिसला नाही, त्यामुळे हे सरळ बाद होतं. कंपनी भाडं देऊ शकते, पण ते तुमच्या हातात करपात्र उत्पन्न असतं, त्यातून खोलीचा खरा खर्च तेवढा वजा करता येतो. 1,000 वाली सूटही स्वतःच्या कंपनीकडून आलेल्या भाड्याला मिळत नाही. तुमच्या अकाउंटंटनेच सुचवलं असेल तरी रिटर्नवर सही तुमची असते हे विसरू नका.

वेगळ्या दाराचं आउटहाउस

गार्डनमध्ये खोली बांधली, तिला वेगळं किचन, वेगळा बाथरूम, मागच्या गल्लीतून वेगळं दार. किंवा घराचे पक्के दोन फ्लॅट केले आणि खालचा भाड्याने दिला. पूर्णपणे वेगळा फ्लॅट झाला की तो तुमच्या राहत्या घराचा भाग धरत नाहीत आणि सूट जाते. लॉफ्टमध्ये नुसती बेडरूम काढली, जिना घरातूनच आहे, स्वयंपाकघर एकच आहे, तर काही प्रश्न नाही. गार्डनमधल्या खोलीत माणूस झोपायला ठेवायचा तर काउन्सिलचे प्लॅनिंगचे नियमही लागतात, आणि त्यात लोकांना खरंच त्रास झालेला आहे, तेव्हा तिथे टॅक्सच्या आधी काउन्सिलला विचारा.

एअरबीएनबी आणि 2018 मध्ये काय होता होता राहिलं

शाळेच्या सुट्टीत आपण सहा आठवडे भारतात, घर रिकामं, एअरबीएनबीवर टाकलं, चांगले दोन तीन हजार पौंड आले. याला रेंट अ रूम लागते का? सरकारलाच हे खुपत होतं. मालक घरात नसताना पूर्ण घर पर्यटकांना द्यायचं आणि लॉजरसाठी केलेली सूट घ्यायची, हा स्कीमचा हेतू नाही असं म्हणत डिसेंबर 2017 मध्ये सरकारने लोकांकडून माहिती मागवली, जुलै 2018 मध्ये मसुदाही आणला, की भाडेकरू असताना मालकानेही निदान काही काळ त्याच घरात झोपलेलं असावं. एप्रिल 2019 पासून ते लागू व्हायचं होतं. पण ऑक्टोबर 2018 च्या बजेटमध्ये, नियम साधे राहावेत म्हणून, तो प्रस्ताव मागे घेतला आणि मुख्य राहतं घर ही जुनीच कसोटी ठेवली.

म्हणजे तुमचं खरंखुरं राहतं घर तुम्ही सुट्टीपुरतं दिलंत तर आजच्या नियमात ते बसतं. त्याच आडोशाने वर्षभर एअरबीएनबीवर चालणारा दुसरा फ्लॅट "माझं घर" म्हणून दाखवला तर ते बसत नाही. हा फरक मी मुद्दाम अधोरेखित करतोय, कारण दुसऱ्या प्रकारातले लोक पहिल्या प्रकाराचा दाखला देतात. उद्या ही पळवाट फार वापरली गेली तर सरकार तो मसुदा पुन्हा बाहेर काढू शकतं, आणि मग सुट्टीपुरतं घर देणाऱ्या साध्या कुटुंबाचीच सवलत जाईल.

लंडनमध्ये असाल तर अजून एक, पूर्ण घर असं थोड्या थोड्या दिवसांसाठी द्यायचं तर कॅलेंडर वर्षात 90 रात्रींच्या वर प्लॅनिंग परमिशन लागते. हा नियम टॅक्सशी संबंधित नाही पण लागू होतो.

कोण बघतंय? तर आता बघतात. 1 जानेवारी 2024 पासून अशा ऑनलाइन प्लॅटफॉर्मना तुमची कमाई, नाव आणि प्रॉपर्टीचा पत्ता नोंदवून एचएमआरसीला द्यावा लागतो, पहिला अहवाल 31 जानेवारी 2025 पर्यंत द्यायचा होता. वस्तू विकणाऱ्यांना त्यात छोट्या व्यवहारांची सूट आहे, घर भाड्याने देणाऱ्यांना नाही. तुमच्याबद्दल काय कळवलं त्याची प्रत तुम्हालाही येते, ती जपून ठेवा आणि रिटर्नशी ताडून बघा. शिवाय लँड रजिस्ट्रीची मालकीची माहिती एचएमआरसीकडे असतेच, आणि दोन घरं असलेल्या माणसाने एकही प्रॉपर्टी इन्कम दाखवलं नाही हे शोधायला आता कुणी फायली चाळत बसत नाही, कॉम्प्युटरच शोधतो.

लॉजर यायच्या आधी

मॉर्गेजच्या बँकेला आणि होम इन्शुरन्सवाल्यांना कळवा, फ्लॅट लीजहोल्ड असेल तर लीज वाचा. चोरी झाली नाहीतर पाणी गळलं आणि लॉजर आहे हे कंपनीला माहीतच नाही तर क्लेम अडकतो.

इंग्लंडमध्ये राइट टू रेंट चेक, म्हणजे माणसाला इथे भाड्याने राहायचा हक्क आहे का याची तपासणी, लॉजरचाही करावाच लागतो, ओळखीची मुलगी असली, मावशीच्या नणंदेची मुलगी असली तरीही. ती तुम्हाला शेअर कोड, म्हणजे तिचा व्हिसा ऑनलाइन तपासायचा कोड, देते, तुम्ही गव्हर्नमेंटच्या वेबसाइटवर तो आणि तिची जन्मतारीख टाकून बघायचं, फोटो तिचाच आहे ना ते समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर बघायचं, आणि ते पान तारखेसकट सेव्ह करून ठेवायचं. व्हिसाला मुदत असते तेव्हा पुढच्या चेकची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. फेब्रुवारी 2024 पासून याचा दंड लॉजरमागे 5,000 पौंडांपर्यंत आहे, पुन्हा सापडलात तर 10,000 पर्यंत. आधी तो पहिल्या वेळी फक्त 80 पौंड होता, त्यामुळे जुन्या लोकांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

घरात तुम्ही एकटेच मोठे असाल आणि काउन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सवलत घेत असाल तर नोकरी करणारा लॉजर आला की ती जाते, काउन्सिलला कळवावं लागतं. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर त्याला मोजत नाहीत, सवलत राहते. गॅसची तपासणी दरवर्षी करून घ्यायची. आणि मालकाच्या घरात दोनपेक्षा जास्त लॉजर झाले की ते एचएमओच्या, म्हणजे वेगवेगळी माणसं एकत्र भाड्याने राहतात अशा घराच्या, नियमात जातं, म्हणून तिसरी खोली देण्याआधी काउन्सिलला विचारून घ्या. घर विकताना कॅपिटल गेन्सचं काय अशी भीतीही काहींना असते, तर तुमच्यासोबत घरातल्यासारखा राहणारा एकच लॉजर असेल तर राहत्या घराची सवलत त्याच्यामुळे कमी होत नाही.

एक साधं लॉजर अ‍ॅग्रीमेंट लिहा, त्यात एकूण रक्कम खरी लिहा, आणि पैसे बँकेतूनच घ्या.

आधीच चूक झाली असेल तर

मागची दोन चार वर्षं चुकीची सूट घेतली असेल तर एचएमआरसीचं पत्र यायच्या आत स्वतः सांगणं खूप स्वस्त पडतं. त्यासाठी लेट प्रॉपर्टी कॅम्पेन आहे, घरमालकांसाठीच केलेलं, 2013 पासून सुरू आहे आणि मुख्य घरातल्या खोलीचं भाडं मर्यादेच्या वर गेलेल्यांनाही त्यात घेतात. आधी कळवायचं की मला माहिती द्यायची आहे, मग ते एक नंबर देतात आणि तिथून 90 दिवसांत वर्षवार हिशोब करून टॅक्स, व्याज आणि दंड स्वतःच काढून भरायचा. काळजी घेऊनही चूक झाली असेल तर जास्तीत जास्त 4 वर्षं मागे जातात, निष्काळजीपणा असेल तर 6, आणि जाणूनबुजून असेल तर 20 वर्षं. दंड तुम्ही स्वतःहून आलात का आणि चूक कशी झाली यावर ठरतो, निष्काळजीपणाच्या चुकीत स्वतःहून आलात तर कधी कधी शून्यावरही येतो, आणि मुद्दाम लपवून ठेवलेलं असेल तर टॅक्सच्या 100 टक्क्यांपर्यंत जातो.

बसायच्या आधी त्या सगळ्या वर्षांची बँक स्टेटमेंट, लॉजरशी झालेले मेसेज, काउन्सिल टॅक्सची बिलं आणि तुम्ही त्या काळात कुठे राहत होता याचे पुरावे एका फोल्डरमध्ये काढून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच विचारला जातो. रक्कम मोठी असेल किंवा मधली काही वर्षं तुम्ही भारतात असाल तर एकट्याने करू नका, चार्टर्ड टॅक्स अ‍ॅडव्हायझर गाठा, आणि त्याला पहिल्याच भेटीत सगळं खरं सांगा, कॅशचे पैसे धरून.